अ‍ॅड्रेनलिन आधी, अ‍ॅव्हिल नंतर : तीव्र अ‍ॅलर्जी आणि आपला किनारा

खाडीपलीकडे (धागाकर्ता)

नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा समुद्रात जाऊ लागल्या की आमच्या दवाखान्यात कोळंबी-कुर्ल्या खाऊन अंगावर पित्त उठलेले रुग्ण येऊ लागतात, आणि भातकापणीपर्यंत गांधीलमाश्यांनी फोडून काढलेल्यांची त्यांत भर पडते. यांतील बहुतेकांना एखादी गोळी पुरते. आमसुलाचे पाणी अंगाला लावून घरीच बरे होणारेही पुष्कळ आहेत आणि त्याला माझी हरकत नाही. मला लिहायचे आहे ते उरलेल्या थोड्यांविषयी, ज्यांची अ‍ॅलर्जी कातडीवर थांबत नाही. त्यांचा आवाज घोगरा होतो, घसा आवळल्यासारखा वाटतो, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो, पोटात मुरडा येऊन उलट्या होतात आणि घाम फुटून ते कोसळतात. यालाच वैद्यकात अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. या अवस्थेत रक्तवाहिन्या सैलावतात आणि त्यांच्या भिंतींतून द्रव बाहेर झिरपू लागतो. दहा मिनिटांत रक्तातील द्रवाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग असा बाहेर जाऊ शकतो. दर दहांतील एकदोघांच्या अंगावर तर काहीच उठत नाही, त्यामुळे पित्त दिसत नाही म्हणून अ‍ॅलर्जी नाही, असे धरून चालणे धोक्याचे असते.

या अवस्थेत पहिले औषध एकच आहे, आणि ते म्हणजे अ‍ॅड्रेनलिन. सैलावलेल्या रक्तवाहिन्या ते आवळते, त्यामुळे रक्तदाब सावरतो आणि घशाची सूज उतरू लागते. फुप्फुसांतील श्वासनलिका ते मोकळ्या करते. आणि ज्या पेशींतून ही सगळी रसायने बाहेर पडत असतात त्यांनाही ते आवर घालते. ही तिन्ही कामे करणारे दुसरे औषध आपल्याकडे नाही. तरीही गावोगावच्या दवाखान्यांत पहिला हात जातो तो अ‍ॅव्हिल या अ‍ॅलर्जीच्या औषधाकडे आणि डेक्सामेथासोन या स्टेरॉइडकडे. अ‍ॅव्हिलने खाज आणि पित्त कमी होते, परंतु बंद होत चाललेला घसा किंवा घसरलेला रक्तदाब यांवर त्याचा उपयोग होत नाही, आणि स्टेरॉइडचा परिणाम दिसायला काही तास जावे लागतात. इतका वेळ या रुग्णाकडे नसतो. अ‍ॅनाफिलॅक्सिसने दगावलेल्या रुग्णांचा ब्रिटनमध्ये अभ्यास झाला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात हृदय किंवा श्वास बंद पडेपर्यंतचा मध्यक काळ (निम्म्या रुग्णांत याहून कमी, निम्म्यांत अधिक) औषधाच्या अ‍ॅलर्जीत ५ मिनिटे, माशीच्या दंशात १५ मिनिटे आणि अन्नाच्या अ‍ॅलर्जीत ३० मिनिटे आढळला. खाडीपलीकडच्या वाडीतून होडीने अलीकडे येण्यातच तेवढा वेळ जातो, म्हणून हे इंजेक्शन तालुक्याला पोहोचल्यावर नव्हे, तर वाटेत भेटणाऱ्या पहिल्या ठिकाणी मिळायला हवे, एवढेच माझे मुख्य म्हणणे आहे.

ते कुठे टोचायचे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कंबर आणि गुडघा यांच्या मध्यावर, स्नायूत द्यावे. लहान मुलांवर १९९८ साली झालेल्या अभ्यासात मांडीच्या स्नायूत दिलेले अ‍ॅड्रेनलिन सरासरी ८ मिनिटांत रक्तात पूर्ण चढले, तर कातडीखाली दिलेल्याला ३४ मिनिटे लागली. दंडाच्या कातडीखाली टोचायची जुनी सवय आपल्याकडे अजून गेलेली नाही, म्हणून हे आकडे मुद्दाम दिले.

पाणंद

डॉक्टर, लेख पटला, पण एक शंका आहे. माझ्या वडिलांची बायपास झालेली आहे आणि ते रोज मेटोप्रोलॉल ही हृदयाची गोळी घेतात. मागे त्यांना मधमाश्या चावल्या तेव्हा एका दवाखान्यात अ‍ॅड्रेनलिनचे नाव काढताच ‘हृदयाच्या माणसाला ते देत नाहीत’ असे सांगून आम्हाला पुढे पाठवण्यात आले. सुदैवाने ते बरे झाले. परंतु ज्या औषधाने हृदयाचे ठोके वाढतात ते हृदयरोग्याला देणे योग्य आहे का?

खाडीपलीकडे (धागाकर्ता)

पाणंद, ही भीती केवळ रुग्णांना नाही, आम्हा डॉक्टरांनाही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अ‍ॅनाफिलॅक्सिस झालेला असताना अ‍ॅड्रेनलिन मुळीच देऊ नये, असा कोणताही आजार नाही. हृदयरोग्याच्या बाबतीत सावधगिरी जरूर बाळगावी, परंतु रक्तदाब कोसळला की आधीच अरुंद असलेल्या धमन्यांतून हृदयाला रक्त कमी पोहोचते आणि न दिल्याचा धोकाच मोठा ठरतो. अ‍ॅड्रेनलिनने झालेल्या ज्या दुर्घटना सांगितल्या जातात, त्यांतील बहुतेक ते शिरेतून, पातळ न करता आणि घाईने दिल्यामुळे झालेल्या असतात. एक मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम असलेली अँप्यूल (औषधाची काचेची बंद कुपी) स्नायूसाठी आहे. शिरेतून देण्याचे काम मॉनिटर लावलेल्या ठिकाणी, अनुभवी हातांनीच व्हावे. मांडीत योग्य मात्रा दिल्यावर छाती धडधडते, हात थरथरतात, चेहरा फिका पडतो, आणि थोड्या वेळाने हे सगळे शमते.

मेटोप्रोलॉलचा मुद्दा मात्र खरा आहे, पण त्याची दिशा वेगळी आहे. ते औषध अ‍ॅड्रेनलिनचा काही परिणाम अडवते, त्यामुळे एका मात्रेने रुग्ण सावरत नाही आणि पाच ते पंधरा मिनिटांनी ती पुन्हा द्यावी लागते. तरीही उपयोग झाला नाही, तर मोठ्या रुग्णालयात ग्लुकागॉन हे दुसरे औषध देतात. तुमच्या वडिलांच्या कागदपत्रांवर मधमाशीच्या अ‍ॅलर्जीची नोंद ठळक करून ठेवा आणि मेटोप्रोलॉलबद्दल हृदयाच्या डॉक्टरांशी बोला. स्वतःच्या मनाने ते बंद करू नका.

अबोली

मी उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना कल्पना नसेल, म्हणून सांगते, की लसीकरणाच्या दिवशी आमच्याजवळ अ‍ॅनाफिलॅक्सिसचे किट असतेच. त्यात अ‍ॅड्रेनलिनच्या तीन अँप्यूल, एक मिलिलिटरच्या तीन ट्युबरक्युलिन सिरिंज किंवा त्या नसल्यास सुई वेगळी निघणाऱ्या ४० युनिटच्या इन्सुलिन सिरिंज, एक इंच लांबीच्या सुया, कापसाचे बोळे आणि वयानुसार मात्रेचा तक्ता असतो. मोठ्या माणसाची मात्रा अर्धा मिलिलिटर, म्हणजे ४० युनिटच्या सिरिंजवर २० च्या रेघेपर्यंत. लसीनंतर अ‍ॅनाफिलॅक्सिसची लक्षणे दिसली, तर स्नायूत एक मात्रा देऊन मग रुग्णाला पुढे पाठवण्याची मुभा आम्हाला आहे.

वेळ आली की अडते ते अगदी लहान गोष्टींत. इन्सुलिनच्या सिरिंजला जोडून आलेली बारीक सुई मोठ्या माणसाच्या मांडीच्या स्नायूपर्यंत पोहोचत नाही, म्हणून इंचाची सुई लावावी लागते. अँप्यूलच्या मानेत औषध अडकलेले असते, ते टिचकी मारून खाली आणले नाही तर फोडताना निम्मे सांडते. आणि काच तपकिरी असल्यामुळे आतल्या औषधाचा रंग पटकन कळत नाही. ते गुलाबी किंवा तपकिरी दिसले तर टाकून द्यायचे असते, हे सिरिंजमध्ये ओढल्यावर उजेडात धरूनच नक्की करता येते. दर महिन्याला मी मुदतीची तारीख पाहते.

माझा प्रश्न असा, की हे किट लसीकरणासाठी दिलेले आहे. वाडीतल्या कुणाला गांधीलमाशी चावून धाप लागली, तर मी ते वापरावे का?

खाडीपलीकडे (धागाकर्ता)

अबोलीताई, तुमच्या प्रतिसादातून माझ्या लेखातली मोठी उणीव भरून निघाली. रुग्णाच्या दृष्टीने लसीनंतरची आणि माशीच्या दंशानंतरची अ‍ॅनाफिलॅक्सिस यांत काही फरक नाही. औषध तेच, मात्रा तीच, जागाही तीच. परंतु तुम्ही एकटीने ही जबाबदारी अंगावर घ्यावी, असे मी म्हणणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून लेखी सूचना आधीच घेऊन ठेवा, त्यात फोनवर संपर्क करून इंजेक्शन देण्याची पद्धत ठरवून घ्या, आणि वापरलेली अँप्यूल भरून मिळण्याची सोयही त्यातच लिहून घ्या. नाहीतर पुढच्या लसीकरणाला किट अपुरे पडेल या धास्तीने हात आखडला जातो.

रापण

आमचे मालवणजवळ घरगुती निवास आणि खानावळ आहे. पाहुणे आल्याआल्या ‘कोळंबी चालत नाही’ असे सांगतात आणि संध्याकाळी सोलकढीबरोबर सुकटीची चटणी मागतात. जवळा, सुकट, सोडे वाळवलेले असल्यामुळे त्यांत तो दोष राहत नाही, असा त्यांचा समज असतो, आणि खरे सांगायचे तर आमच्या स्वयंपाकघरातही तोच समज होता. दुसरे विचारायचे आहे ते असे, की १०८ ची गाडी येईपर्यंत आम्ही काय करावे? आमच्याकडे सहसा दोघांच्या मध्ये रुग्णाला बसवून मोटारसायकलने नेतात.

खाडीपलीकडे (धागाकर्ता)

रापण, कोळंबी, कुर्ल्या आणि शेवंड यांच्यात ट्रोपोमायोसिन नावाचे प्रथिन असते आणि बहुतेकांना त्याचीच अ‍ॅलर्जी असते. ते शिजवून, तळून किंवा उन्हात वाळवून नष्ट होत नाही, त्यामुळे सुकटीची चटणी ताज्या कोळंबीइतकीच बाधू शकते. काहींना तर कोळंबी शिजतानाच्या वाफेनेही त्रास होतो. ज्या कढईत कोळंबी तळली त्याच तेलात त्या पाहुण्याची सुरमई तळू नये. सुरमई-पापलेटमधील प्रथिन निराळे आहे, त्यामुळे कोळंबी बाधणाऱ्या पुष्कळांना मासे चालतात, मात्र ते त्यांच्याच तोंडून खात्री करून घ्यावे.

मोटारसायकलची पद्धत कृपा करून बंद करा. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये रक्त पायांकडे उतरून साचते आणि हृदयाकडे परतणारे रक्त कमी पडते. अशा माणसाला एकदम उभे केले किंवा ताठ बसवले की त्याच क्षणी हृदय थांबल्याची उदाहरणे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदवलेली आहेत. त्याला जिथे असेल तिथे आडवे करा आणि पायांखाली उशा किंवा तांदळाचे पोते ठेवून पाय उंच करा. फारच धाप लागत असेल तर पाठीला टेकू देऊन बसवा, पण पाय पसरलेले राहू द्या. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर कुशीवर, आणि गरोदर बाई असेल तर डाव्या कुशीवर निजवा. ‘जरा चालून बघ, मोकळे वाटेल’ असे कुणालाही म्हणू देऊ नका. गाडी येणारच नसेल, तर टेंपोच्या किंवा ओम्नीच्या मागच्या भागात गादी टाकून आडवे नेता येते. निघण्यापूर्वी वाटेवरच्या आरोग्य केंद्राला फोन करून तिथे अ‍ॅड्रेनलिन आणि डॉक्टर दोन्ही आहेत ना, हे विचारा.

कातळसडा

रत्नागिरीकडचा म्हणून दोन गोष्टी विचारतो. आमच्या सड्यावर फुरसे पुष्कळ आणि चिऱ्यांच्या ढिगात विंचूही पुष्कळ. विंचू चावल्यावरही घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात. मग तिथेही अ‍ॅड्रेनलिन द्यायचे का? दुसरे म्हणजे, लहानपणी मला गांधीलमाश्या कितीदा चावल्या, काही झाले नाही. आता पन्नाशीत अचानक अ‍ॅलर्जी कशी होईल?

खाडीपलीकडे (धागाकर्ता)

विंचवाला नाही, आणि हे ठासून सांगायला हवे. लाल विंचवाच्या विषामुळे शरीरातले स्वतःचेच अ‍ॅड्रेनलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन प्रचंड प्रमाणात रक्तात सुटते. हृदयावरचा ताण आणि पुढे फुप्फुसांत साचणारे पाणी हे त्याचेच परिणाम आहेत. तिथे आणखी अ‍ॅड्रेनलिन देणे म्हणजे आगीत तेल ओतणे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ऐंशीच्या दशकात प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा उपयोग दाखवून दिला, त्यानंतर कोकणातील विंचूदंशाचे मृत्यू किती घटले हे आपल्या आधीच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे. विंचवाने डंख मारलेल्याला नेताना डॉक्टरांना ‘विंचू’ असे स्पष्ट सांगा. ‘काहीतरी चावले’ एवढ्यावर थांबू नका.

फुरश्याच्या दंशात खुद्द दंशावर अ‍ॅड्रेनलिनचा उपयोग नाही, पण सर्पविषावरची लस घोड्याच्या रक्तापासून बनते आणि तिची तीव्र अ‍ॅलर्जी होऊ शकते. म्हणून ती बाटली लावण्यापूर्वी अ‍ॅड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी तयार असायला हवे. अंगावर पित्त किंवा थंडी-थरथर दिसली की लस थांबवायची, मांडीत अ‍ॅड्रेनलिन द्यायचे आणि रुग्ण सावरला की लस पुन्हा सुरू करायची. अ‍ॅलर्जी आली म्हणून लसच सोडून दिली तर विष आपले काम करतच राहते. श्रीलंकेत हजारावर रुग्णांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तर लसीच्या आधी अ‍ॅड्रेनलिनची छोटी मात्रा कातडीखाली दिल्याने तीव्र प्रतिक्रिया बऱ्याच कमी झाल्या. वर स्नायूचा आग्रह धरला होता, तो झालेल्या अ‍ॅनाफिलॅक्सिसच्या उपचारासाठी. ही मात्रा प्रतिबंधासाठी होती.

आधी काही झाले नाही म्हणून पुढेही होणार नाही, याची हमी नसते. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर निळ्या फुग्यासारखे जे ब्लू बॉटल येऊन पडतात, त्यांच्या जातीच्या जीवाचे विष शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०१ साली मोनॅकोच्या राजाच्या बोटीवर अभ्यासायला घेतले. पुढे त्यांनी कुत्र्यांना समुद्रफुलाचे (सी अ‍ॅनिमोनीचे) विष टोचले, तेव्हा पहिली मात्रा पचवलेले कुत्रे काही आठवड्यांनी दिलेल्या त्याहून लहान मात्रेने थोड्याच वेळात मेले. १९०२ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि रिशे यांना १९१३ चे नोबेल मिळाले. आधीच्या दंशात शरीराची तयारी होते आणि प्रतिक्रिया नंतरच्या एखाद्या दंशाला उमटते; तो ‘नंतरचा’ दंश पन्नाशीतही येऊ शकतो.

ओहोटी

आमच्याकडे मागच्या वर्षी बांगड्याचे तिखले खाऊन घरातल्या पाचही जणांचे चेहरे लालबुंद झाले, डोके ठणकू लागले. सगळ्यांना एकदम अ‍ॅलर्जी कशी झाली, हे कोडे अजून सुटलेले नाही.

खाडीपलीकडे (धागाकर्ता)

ती बहुधा अ‍ॅलर्जी नव्हती. बांगडा, कुपा अशा माशांना बर्फ वेळेवर मिळाला नाही तर त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होते आणि ते शिजवूनही जात नाही. एकाच ताटातून जेवलेल्या बहुतेकांना तासाभरात तोंड लाल, डोकेदुखी, जुलाब असा त्रास झाला की संशय माशावर घ्यावा. यात अ‍ॅव्हिलसारखे औषध सहसा पुरते. मात्र कुणाची धाप वाढली किंवा कुणी कोसळले, तर कारणाची चिकित्सा नंतर करावी आणि अ‍ॅड्रेनलिन द्यावे.

सुरंगी

माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, वजन १८ किलो. चैत्रात आजोळी ओल्या काजूगरांची उसळ दोन घास खाल्ली आणि त्याचे ओठ सुजले, खोकला सुरू झाला, तो मलूल पडला. सुदैवाने शेजारच्या डॉक्टरांनी लगेच अ‍ॅड्रेनलिन दिले. नंतर शहरातल्या एका रुग्णालयात आम्हाला ‘काजू देऊ नका’ एवढेच सांगून घरी पाठवले. परदेशात पेनसारखे तयार इंजेक्शन मिळते, आणि नाकात मारायचा फवाराही आला आहे असे वाचले. आम्ही घरी काय ठेवावे? शिवाय आमच्या सासऱ्यांची काजूची बाग आहे. बोंडाचा चीक हाताला लागला तरी भीती वाटते.

खाडीपलीकडे (धागाकर्ता)

सुरंगीताई, आधी चिकाचे सांगतो. काजूच्या टरफलातले तेल कातडी भाजल्यासारखी करते, फोड येतात, पण ती प्रतिक्रिया एक-दोन दिवसांनी उमटणारी आणि कातडीपुरती असते. काजूच्या कारखान्यातल्या बायका हाताला राख किंवा तेल लावतात ती त्यासाठीच. मुलाला धोका आहे तो गरातील प्रथिनांचा. बागेत फिरायला बंदी नको, पण गर फोडायला बसवू नका, आणि पिस्ते काजूच्याच कुळातले असल्यामुळे चाचणी होईपर्यंत तेही टाळा. लग्नाच्या पंगतीतली पांढरी ग्रेवी, काजूकतली, आईस्क्रीम यांबाबत विचारल्याशिवाय घास देऊ नये.

पेनसारखे इंजेक्शन अमेरिकेत १९८७ पासून आहे आणि १५ ते ३० किलो वजनाच्या मुलांसाठी त्यात ०.१५ मिलिग्रॅमची मात्रा असते. नाकातल्या फवाऱ्याला तिथे ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता मिळाली. आपल्या औषध दुकानांत पेन सहसा मिळत नाही. बाहेरून मागवले तर महाग पडते आणि मुदतही लवकर संपते. अँप्यूल मात्र अत्यंत स्वस्त आहे. प्रश्न असा, की घाबरलेल्या आईने अँप्यूल फोडून अचूक मात्रा भरायची कशी? कॅनडातील एका अभ्यासात आपत्कालीन विभागातल्या नर्सना मुलाची मात्रा भरायला सरासरी २९ सेकंद लागले, तर पालकांना १४२ सेकंद लागले, आणि पालकांनी भरलेल्या मात्रांत जवळजवळ चाळीस पट तफावत निघाली. म्हणून तुमच्या डॉक्टरांकडून मात्रा आधीच भरलेली सिरिंज घ्या. किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम या हिशेबाने तुमच्या मुलाला ०.१८ मिलिग्रॅम, म्हणजे या अँप्यूलमधले ०.१८ मिलिलिटर येते. डॉक्टर ती नक्की करतील आणि वजन वाढेल तशी बदलतील. उजेड आणि उष्णता यांपासून जपली तर अशी सिरिंज साधारण तीन महिने टिकते. टोपण घट्ट लावून, टणक डबीत, काळ्या कागदात गुंडाळून घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा. वैशाखात गाडीच्या डिकीत विसरू नका, आणि बर्फाच्या कप्प्यातही ठेवू नका.

इंजेक्शन दिल्यावर मूल हसू-खेळू लागले तरी रुग्णालयात जायचेच. अ‍ॅड्रेनलिनचा परिणाम थोडा वेळ टिकतो, आणि काहींना काही तासांनी, क्वचित दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही, दुसरी लाट येते. निदान सहा तास देखरेखीखाली ठेवावे, आणि घर दूर असेल तर रात्रभर. दोन सिरिंज जवळ असाव्यात, कारण पाच-दहा मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरी लागते.

सुरंगी

मनापासून आभार. एक घरी आणि एक शाळेत ठेवणार होते. आता घरी दोन आणि शाळेत दोन ठेवते. सोमवारी मुख्याध्यापिकांना भेटणार आहे. सिरिंजवर तारीख कशी लिहावी? शाईने लिहिलेली पावसाळ्यात पुसली जाते.

अबोली

ताई, पांढरी चिकटपट्टी डबीच्या आतल्या बाजूला लावा आणि त्यावर पेन्सिलीने औषधाचे नाव, मात्रा, भरल्याची आणि बदलायची तारीख लिहा. सिरिंजवरच पट्टी लावायची असेल तर रेघा झाकू नका. शाळेत वर्गशिक्षिकेबरोबर आहार शिजवणाऱ्या बाईंनाही मांडीवरची जागा दाखवून ठेवा. मधल्या सुट्टीत मुलाजवळ बहुतेक त्याच असतात. तुमची शाळा आमच्या उपकेंद्राच्या हद्दीत असेल तर मला कळवा, शालेय तपासणीच्या दिवशी मी रिकाम्या सिरिंजने सगळ्यांकडून करून घेईन.